फणीवरचा आळ

मी एक जुनी शिसवी फणी आहे. दोन्ही बाजूंना दात असलेली, एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट. माझे काही दात पडले आहेत, मधल्या पट्टीवरची वेलबुट्टी झिजून गेली आहे आणि माझ्यावर एक आळ आहे. मित्रांनो, दात पडल्याचे मला काही वाटत नाही. वय झाले की ते पडायचेच. आळाचे मात्र फार वाटते, कारण तो घरातल्याच माणसांनी घातला आणि अजून कोणी पुसलेला नाही. एरवी फणीने बोलायचे नसते, मुकाट्याने केसांतून फिरायचे असते. पण इतकी वर्षे मुकाट्याने फिरून मला काय मिळाले ते ऐका, म्हणजे मी आज का बोलते आहे ते तुम्हांला कळेल.

माझा जन्म मंडणगडकडच्या एका डोंगराळ गावात झाला. तिथे दादू नावाचे एक म्हातारे सुतार फण्या करत. बारीक करवतीने ते माझा एकेक दात काढायचे आणि तो स्वतःच्या गालावरून फिरवून बघायचे. जरा टोचला की पुन्हा घासायला घ्यायचे. "बाईमानसाच्या डोक्यात जायची वस्तू," ते म्हणायचे, "गालाला लागली तं डोक्याला लागनारच." सगळे दात मनासारखे झाल्यावर त्यांनी मला खोबरेल तेलात बुडवून ठेवले आणि मगच जत्रेत विकायला नेले. हे मी मुद्दाम सांगते आहे. माझे दात टोचतात असे पुढे चारचौघांत बोलले गेले, तेव्हा मला दादूंचा गाल आठवला होता.

त्या जत्रेत हेमाच्या वडिलांनी मला लेकीसाठी घेतले. हेमा तेव्हा शाळकरी पोर होती. तिचे केस काळेभोर, दाट, मुठीत न मावणारे. मी तिच्याबरोबर मोठी झाले म्हटले तरी चालेल. तिचे लग्न ठरले तेव्हा बघायला आलेल्या बायकांनी आधी तिचे केस बघितले आणि मग चेहरा. लग्नानंतर तिच्या पेटीतून मी तिच्या सासरी आले. रत्नागिरीहून आरे-वाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, उतारावर हे घर आहे. हेमाचे यजमान भास्करराव शहरात कचेरीत कारकून होते, आणि सड्यावर त्यांची हापूसची कलमे होती. वाडीतल्या बायका हेमाला विचारायच्या, "काय गो, केसांना लावतेस तरी काय?" हेमा मला वर करून दाखवायची आणि म्हणायची, "माझ्या बाबांनी आणलेन ती फणी. बाकी काही नाही." त्या वेळी मला स्वर्ग दोन बोटे उरायचा. तिच्या केसांचे श्रेय माझे नव्हते हे मलाही ठाऊक होते, पण मिळालेले कौतुक कोण परत करतो?

मग मनस्विनी झाली. घरात सगळे तिला मनू म्हणत. तिचे केस आईच्या वळणावर गेले. हेमाने पहिल्यांदा तिची वेणी घातली तेव्हा माझ्या विरळ दातांनीच तो गुंता सोडवला होता.

आता हेमाची वेणी घालण्याची पद्धत सांगते. पडवीच्या पायरीवर मनूला खाली बसवायचे, आपण वरच्या पायरीवर बसायचे, तिचे खांदे दोन गुडघ्यांत धरायचे. तेल थापायचे, मला फिरवायचे आणि सगळे केस मुठीत धरून मागे ओढायचे. किती ओढायचे? तर समोर टेकवलेल्या आरशात पोरीच्या भुवया वर चढलेल्या दिसेपर्यंत. भुवया चढल्या की वेणी बसली, असा हेमाचा हिशेब होता. तिच्या आईचाही तोच होता. वेणी सैल दिसली तर लोक आईला नावे ठेवतात, असे तिच्या मनाने पक्के घेतले होते.

"आई, दुखतंय," मनू म्हणायची.

"दुखल्याशिवाय वेणी बसत नाही. गप रहा."

हे बोलणे त्या पायरीवर रोज व्हायचे. इतके रोज की कोणाचे तिकडे लक्ष जाईना. मनू सांगत राहिली आणि हेमा ओढत राहिली.

१९९८ साली घरात एक बदल झाला. तोवर भास्करराव कलमे खंडाने देत. झाडावरचा आंबा दुसऱ्याने उतरवून न्यायचा आणि यांनी खालून बघत बसायचे. त्या वर्षी त्यांनी ठरवले की आंबा आपणच उतरवायचा आणि पेट्या घरीच भरायच्या. चैत्र लागला तशी मागची पडवी आंब्यांनी भरून गेली. गडी सकाळी आंबे आणून टाकत आणि हेमा त्यांचे लांब देठ मोडून ते उपडे ठेवत असे, म्हणजे चीक निथळून जातो. कोकणात राहणाऱ्याला आंब्याच्या चिकाबद्दल सांगायला नको. अंगावर उडाला की भाजल्यासारखा काळा डाग पडतो. पाण्याने तो निघत नाही, तेलाने निघतो. म्हणून हेमा काम झाले की वाटीभर खोबरेल तेल घेऊन हात चोळायची. बोटांचा चीक सुटून तेलात उतरायचा.

आणि इथेच सगळे चुकले. मित्रांनो, आमच्या भागात तेल टाकून देणे कोणाच्या हातून होत नाही. घरच्या नारळाचे, घाण्यावरून काढून आणलेले तेल ते. वाटीत उरलेले आणि हाताला लागलेले तेल तसेच धुऊन टाकायचे हेमाच्या जिवावर यायचे. ती हाक मारायची, "मनू, ये गो, बस. हाताला तेल आहे तोवर वेणी घालून घेऊ."

ते तेल मनूच्या डोक्यात जायचे. पाठोपाठ मी जायची. माझे दात चिकट झाले, मग काळे पडू लागले. मला वासही येत होता, आंब्याच्या देठाचा तो उग्र वास. पण मी कोणाला सांगणार?

पहिल्या उन्हाळ्यात मनूचे डोके नुसते खाजले. दुसऱ्या उन्हाळ्यात कानांच्या मागे पुरळ आले, भांगाजवळची कातडी लाल होऊन तिथून पापुद्रे निघू लागले. मी हलकेच फिरले तरी ती मान आकसून घ्यायची. "उष्णता झाली," हेमा म्हणाली आणि तिने तेलात लिंबू पिळून ते चोळले. मनूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. हेमाने तिला सब्जाचे पाणी प्यायला दिले, पंख्याखाली बसवले, काळजीही केली. प्रेम नव्हते असे मी म्हणणार नाही. पण लेकीचे डोके आपल्या हातामुळे दुखते आहे हे तिच्या मनात आले नाही.

त्याच पावसाळ्यात, १९९९ च्या श्रावणात, मनूला टायफॉइड झाला. ती अंथरुणाला खिळली, जेवण तुटले, अंगात काही राहिले नाही. आजार बरा झाला आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग भातकापणी झाली, दिवाळी आली, आणि केस गळायला लागले. असे तसे नव्हे, माझ्या दातांतून झुबकेच्या झुबके निघायचे. न्हाणीघरात, उशीवर, ताटात, जिकडे तिकडे केस. मनूच्या भांगाची रेघ रुंद होत गेली आणि कानशिलांवरची कातडी दिसू लागली.

ती तेव्हा अठरा वर्षांची होती. कॉलेजात ती मागच्या बाकावर बसू लागली, कारण मागे बसले की मागून कोणी बघत नाही. मैत्रिणींच्या घरी जाणे तिने सोडले. एकदा आरशासमोर मला हातात धरून ती बराच वेळ तशीच उभी राहिली आणि मग न विंचरताच मला खाली ठेवले. त्या पोरीला काय पाहिजे होते? आपल्या डोक्याला काहीतरी झाले आहे, आणि ते आपल्या वागण्याने झालेले नाही, एवढे कोणीतरी मानावे. पण घरात जो तो तिलाच विचारत होता, "काय लावलंस गो डोक्याला?"

हेमा घाबरली होती. घाबरलेली माणसे जे करतात तेच तिने केले. आधी करत होती तेच जास्त जोरात करू लागली. केस कमी झाले म्हणून वेणी आणखी ओढून घालायची, म्हणजे ती घट्ट आणि भरीव दिसेल. चांगले स्थळ यावे म्हणून मनूला सोळा सोमवार धरायला लावले. आजारातून उठलेली ती पोर सोमवारी चहा आणि दोन केळ्यांवर राहू लागली, आणि केसांच्या काळजीने इतर दिवशीही तिच्या घशाखाली घास उतरेना.

मग दोष कोणाला द्यायचा, हा प्रश्न आला. शेजारच्या गंगाकाकू मुंबईहून मुलाकडून परत आल्या होत्या. त्यांनी मला उचलले, उजेडाकडे धरले आणि नाक मुरडले.

"हेमा, अगो ही फणी बघ काय काळी पडल्येय. जुन्या लाकडाला कीड असते. हिनंच केस खाल्लेन पोरीचे."

मी हेमाकडे बघितले. बापाने जत्रेतून आणलेली, तिच्या लग्नाच्या पेटीतून आलेली मी. ती काहीतरी बोलेल असे मला वाटले.

"मला पण वाटतच होतं," हेमा म्हणाली. "हिचे दात टोचतात."

बस्स. इतक्या वर्षांच्या सोबतीचा निकाल पडवीत उभ्या उभ्या लागला. गंगाकाकूंनी मुंबईचा नायलॉनचा ब्रश आणून दिला आणि तो आरशाजवळ माझ्या जागेवर बसला. मला त्यांनी फेकले असते तर बरे झाले असते. त्यांनी मला त्या ब्रशाची मोलकरीण केले. ब्रशात अडकलेले केस उपसून काढायला माझे दात लागायचे. रोज मी त्याच्यातून मनूचे केस काढत होते. मी तिच्या डोक्याला शिवतही नव्हते, तरी ते गळतच होते, पहिल्यापेक्षा कांकणभर जास्तच. मी निर्दोष असल्याचा एवढा मोठा पुरावा रोज हेमाच्या हातात यायचा. ती त्याची गुंडाळी करायची आणि एका कापडी पिशवीत टाकायची. गळलेले केस टाकायचे नाहीत, साठवून ठेवायचे, ही बायकांची जुनी सवय. आणि फाल्गुनात हेमाने ती पिशवी काशी नावाच्या बाईकडे दिली. काशी केसांची गंगावने, वेणीला जोडायचे झुबके, करून देत असे. म्हणजे मनूचे गळलेले केस गंगावन होऊन पुन्हा मनूच्याच डोक्यावर बांधले जाणार होते.

२००० सालच्या वैशाखात दापोलीजवळच्या मुरुडहून एक स्थळ आले. मुलाचे नाव देवदत्त, शाळेत शिक्षक. तो त्याच्या आत्याबाईंना घेऊन मनूला बघायला येणार होता. घरात आंब्याचे दिवस जोरात होते. सकाळपासून हेमाने देठ मोडले, तेलाने हात पुसले आणि त्याच हातांनी मनूला पायरीवर बसवले. त्या दिवशी मात्र माझी आठवण झाली, कारण ब्रशात गंगावन गुंतत होते. गरज पडली की किडकी फणीही चालते. मनूचे डोके इतके हुळहुळे झाले होते की मी टेकताच ती शहारली.

"आई, आज सैल घाल ना. खरंच सहन होत नाही."

"आजच्या दिवस सोस. आज सगळं ठरायचं आहे."

उरलेले पातळ केस मुठीत ओढून हेमाने त्यांना गंगावन बांधले. भास्करराव दारात चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांनी ते बघितले आणि काही न बोलता आत गेले. हेमाने घाईघाईत मला कमरेला खोचले, म्हणून पुढचे सगळे मी जवळून बघितले.

पाहुणे आले, पन्हे झाले, इकडचे तिकडचे बोलणे झाले. आत्याबाई काही खाष्ट नव्हत्या. मनूला जवळ बसवून त्या मायेने म्हणाल्या, "आमच्यात मुलीचे केस बघायची पद्धत आहे हो. राग मानू नका."

"बघा की," हेमा म्हणाली. "माझ्यासारखेच आहेत."

आत्याबाईंनी वेणीवरून हात फिरवला. मनूच्या डोक्याला कळ गेली असावी, कारण तिने मान झटकन बाजूला घेतली. आणि गंगावन आत्याबाईंच्या हातात राहिले.

 देवदत्तने खाली मान घातली. मनूने आईकडे बघितले. मी कमरेला होते, हेमाचा श्वास मला कळत होता. त्या एका क्षणात ती खरे बोलू शकली असती. आजारात केस गेले, मीच बांधले, एवढे म्हटले असते तरी पुरे होते.

"अगोबाई," हेमा म्हणाली, "हे काय? मला ठाऊकच नाही. मनूनंच लावलेन वाटतं."

मित्रांनो, माझ्यावर आळ आला तेव्हा मी लाकूड होते. लाकडाला काय, सोसते. पण त्या क्षणी मला कळले की हेमाने जे माझे केले तेच तिने पोटच्या पोरीचे केले. मनू आईकडे बघतच राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आले नाही. ती शांतपणे म्हणाली, "हो. मीच लावलं," आणि उठून आत गेली.

पाहुणे गेले. त्यांचा नकार पुढे यथावकाश आला. पण त्या संध्याकाळी घरात त्याची चर्चा झाली नाही. भास्करराव मागच्या पडवीत येऊन हेमासमोर उभे राहिले. ते कधी आवाज चढवत नसत आणि त्या दिवशीही त्यांनी चढवला नाही.

"तू बांधताना मी बघितलं होतं," ते म्हणाले. "मी तेव्हाच बोलायला हवं होतं. उद्या मनूला शहरात डॉक्टरांकडे नेतोय. तू पण चल."

शहरात कातडीच्या आजारांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मनूचे डोके भिंगातून बघितले आणि सांगितले की डोक्याला जे जे लागते ते सगळे उद्या घेऊन या. दुसऱ्या दिवशी मनूने त्यांच्या टेबलावर तेलाची बाटली ठेवली, शिकेकाई ठेवली, ब्रश ठेवला, गंगावन ठेवले. शेवटी पिशवीच्या तळातून तिने मला काढले. कोणीतरी मला साक्षीला बोलावत होते, तेही पहिल्यांदाच.

डॉक्टरीणबाईंनी मला खिडकीशी धरले. दातांच्या मुळाशी साचलेला काळा थर त्यांनी नखाने खरवडला आणि वास घेतला.

"हे काय आहे? चीक?"

 त्या हेमाकडे वळल्या. "हात दाखवा बघू." हेमाने हात पुढे केले. बोटांची टोके काळी होती, नखांच्या कडा काळ्या होत्या.

"आंब्याचं काम करता? मग हात कशाने पुसता?"

"तेलाने," हेमा म्हणाली. मग म्हणाली, "उरलेलं हिच्या डोक्याला लावते."

हे तिने स्वतः मोठ्याने म्हटले आणि म्हणता म्हणताच तिचे तिलाच ऐकू गेले. तिचा चेहरा उतरला.

"तुमच्या हातांना त्याची सवय झाली असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिच्या कातडीला नाही. चीक सगळ्यांनाच बाधतो असं नाही, पण ज्याला बाधतो त्याला दर वर्षी जास्त बाधतो. डोक्याची आग आणि पापुद्रे बहुतेक त्याचेच आहेत."

"मग केस पण त्यानेच गेले?" भास्कररावांनी विचारले.

"एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. टायफॉइड झाला होता म्हणता ना? मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी असे भराभरा केस जातात, आणि अंगात ताकद आली की परत येतात. हिला ताकद यायला तुम्ही उपास सोडा. पाळीत रक्त जास्त जातं का गं? मान हलवतेस, म्हणजे जातं. मग रक्त तपासू, लोह कमी असणार. आणि हे कानशिलावरचं बघा. हे ओढून ओढून गेलेले आहेत. वेणी, वर हे गंगावनाचं ओझं. केसांची मुळं रोज अशी ओढली तर ती कुठवर धरून बसतील? ते मात्र सगळे परत येतील असं मी सांगू शकत नाही."

मग त्यांनी मनूला विचारले, "इतकं दुखत होतं तर घरी सांगितलं नाहीस?"

मनूने आईकडे न बघता उत्तर दिले. "रोज सांगत होते."

हेमा माझ्याकडे बघत होती. मी टेबलावर पडले होते, माझे काळे दात वर करून. डॉक्टरीणबाईंनी मला रिठ्याच्या पाण्याने स्वच्छ धुऊन घ्यायला सांगितले आणि म्हणाल्या, "फणीला काही झालेलं नाही. चांगली आहे." माझा निकाल एवढाच, दोन वाक्यांचा. पण तो ऐकायला गंगाकाकू तिथे नव्हत्या, वाडीतले कोणीच नव्हते.

रक्तात लोह कमीच निघाले. गोळ्या सुरू झाल्या, सोमवार सुटले, डोक्याला लावायचे औषध आले. मनूने केस खांद्यापर्यंत कापले आणि मोकळे सोडले. पावसाळा संपेपर्यंत भांगाशी बारीक बारीक नवे केस उगवले. डाव्या कानशिलावरचे मात्र विरळच राहिले, ते आजही तसेच आहेत. हेमा आता आंब्याचे काम झाले की साबण लावून हात धुवायची, पुन्हा पुन्हा धुवायची. एकदा स्वच्छ हात पुढे करून ती मनूला म्हणाली, "ये, तेल लावून देते." मनू म्हणाली, "वाटी ठेव तिथे. मी लावीन." आवाजात राग नव्हता. पण त्या पायरीवर ती पुन्हा कधी बसली नाही.

गंगाकाकूंनी मनूचे नवे केस बघितले तेव्हा त्या म्हणाल्या, "बघ, मी सांगितलं होतं ना? फणी बदललीत आणि गुण आला." हेमा तिथेच उभी होती. खरे काय ते तिला आता ठाऊक होते. ती नुसती हसली. वाडीत आजही मीच केस खाणारी फणी आहे.

पुढच्या वर्षी मनू कोल्हापूरला शिकायला गेली. सामान भरताना तिने मला हातात घेतले तेव्हा वाटले, ही तरी मला नेईल. आम्ही दोघींनी एकच गोष्ट सोसली होती. तिने मला थोडा वेळ धरले आणि आरशाच्या कप्प्यात ठेवून दिले. पेटीत तिने प्लॅस्टिकचा रुंद दातांचा कंगवा टाकला. मी आईच्या हातात रोज असायची, तिला माझ्याकडे बघून तोच हात आठवत असणार. हे मला समजते. तरी वाईट वाटायचे ते वाटलेच. आईने टाकले ते एक, पण लेकीनेही टाकावे हे मला लागले.

कप्प्यातल्या अंधारात मी दोन पावसाळे काढले. तिसऱ्या पावसाळ्यात, २००३ साली, हेमा विहिरीच्या वाटेवर शेवाळावरून घसरली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. हाताला प्लॅस्टर आले. मनू सुट्टी काढून घरी आली. स्वयंपाक, धुणे, सगळे तिने अंगावर घेतले. दोन दिवस हेमाचे केस तसेच विस्कटलेले होते. तिसऱ्या दिवशी मनू म्हणाली, "आई, बस इथे." पडवीच्या पायरीवर हेमा खाली बसली आणि मनू वरच्या पायरीवर. मनूने कप्प्यातून मला काढले. तिने मलाच का घेतले ते तिलाच ठाऊक.

हेमाचे केस आता पिकले होते, विरळ झाले होते. खाली मोठा गुंता होता. मी त्यात शिरले आणि अडकले.

"हळू गो," हेमा म्हणाली. "दुखतंय."

मनूचा हात जागच्या जागी थांबला.

मित्रांनो, मी त्या घरात वर्षानुवर्षे केसांतून फिरले आहे. हा शब्द मी हजार वेळा ऐकला आहे. तो ऐकून हात थांबलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.  मनूने गुंता खालून बोटांनी धरला, म्हणजे मुळांना ओढ बसू नये, आणि मग मला हळूहळू त्यातून नेले. हेमाची पाठ हलत होती. ती रडत होती की काय ते मला मागून दिसले नाही.

माझ्यावरचा आळ तुम्ही पुसावा असे मी म्हणत नाही. मला धुऊन स्वच्छ ठेवा, दुसऱ्याच्या डोक्यातून फिरलेली फणी आपल्या डोक्यात घालू नका, ओल्या केसांतून दामटू नका, एवढी काळजी घेतलीत तर पुष्कळ झाले. पण तुमच्या घरात एखादी मुलगी केस गळतात म्हणून, डोके दुखते म्हणून सांगत असेल तर आधी फणीवर, तेलावर, पाण्यावर आळ घालू नका, त्या मुलीला विचारा. तिला बसवा, ती काय खाते, कधी आजारी होती, कुठे दुखते ते ऐका आणि डॉक्टरांना दाखवा. आणि विंचरताना ती दुखतंय म्हणाली तर तेवढा हात थांबवा.

त्या दिवशी गुंता सुटायला वेळ लागला. शेवटी मनूने आईची सैल वेणी घातली आणि मला धुवायला घेऊन गेली. हेमा पायरीवरच बसून राहिली, आणि लेक मला घेऊन परत आली तरी तिच्या नजरेला नजर द्यायला तिने मान वर केली नाही.